तिसरं पाणी

"ताई, तिसरं पाणी फेकायचं नसतं. पुढच्या चादरींचं ते पहिलं पाणी असतं."

मशीनचा नळ सुटला की आजही दादांचं हे बोलणं आधी कानात येतं आणि पाण्याचा आवाज मागाहून.

आमच्या धुलाईत इस्पितळांच्या चादरी येतात, रोज ढिगाने. दादा मोठ्या मशीनवर असत, मी घड्यांच्या टेबलावर. वयाने ते माझ्या वडिलांच्या जागी. पण मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना दादाच म्हणत. मशीनमधून चादर निघाली की ते तिचं ओलं टोक गालाला लावून बघत. "साबण राहिला असला तर गाल चुगली करतो," म्हणत.

माझा एक नेम आहे. उठल्यापासून सकाळी नऊपर्यंत मी बोलत नाही. हात कामात आणि मनात नाम. आई गेली त्या दिवसापासून तो चुकलेला नाही. कामावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. इस्त्रीवाली म्हणायची, "आग लागली तरी आमची मौनीबाई आगीला खुणेने सांगेल, नऊनंतर ये." सगळे हसत, मीही तोंड मिटून हसत असे.

त्या वर्षी विहीर आटली आणि टँकर सुरू झाले. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून एक पाणी कमी. चादरी तीनऐवजी दोन पाण्यांतून काढायच्या."

दादा पुढे झाले. "साहेब, पाणी वाचवू, पण चादरीच्या जिवावर नको. मला दोन पिंपं आणि थोडी नळी द्या. शेवटचं पाणी स्वच्छच असतं. ते साठवतो आणि पुढच्या खेपेला साबण त्यातच टाकतो. पाणी तेवढंच वाचेल."

"दादा, तुम्ही मशीन चालवा. डोकं मी चालवतो."

आठवडाभरात चादरी हाताला बुळबुळीत लागू लागल्या, वाळल्या की खरखरीत. माझी आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तिची पाठ मी रोज पुसली आहे. त्या चादरींच्या घड्या घालताना मला राहवेना. एका दुपारी मी दादांना म्हटलं, "वॉर्डातल्या चादरींना तरी तिसरं पाणी द्या हो. साहेबांना मी सांगते."

"सांगाल?"

"सांगते म्हटलं ना."

त्या दिवसापासून दादा तिसरं पाणी देऊ लागले. साबणवाल्याकडून त्यांनी दोन रिकामी पिंपं मागून आणली, नळीचे तुकडे जमवायला घेतले. मी मात्र आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मालक चिडलेले दिसले की वाटायचं, जरा निवळू देत.

पिंपं जोडायच्या आधीच पाण्याच्या मीटरने चहाडी केली.

मालक सकाळी आत आले तेव्हा साडेआठ वाजले होते. "तिसरं पाणी कोण देतंय? कुणाच्या सांगण्यावरून?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी हातातली चादर घट्ट धरली. अर्धाच तास तर आहे, नऊला सांगेन, असं स्वतःला बजावलं.

"मीच देतोय, साहेब," दादा म्हणाले. "मला कोण सांगणार?"

"मग तुमचं तुम्ही बघा. उद्यापासून येऊ नका."

नऊ वाजले तेव्हा खुंटीवर दादांचा रबरी एप्रन लोंबत होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. नेम संपला होता. मला बोलता येत होतं. दहा वाजले, अकरा वाजले. मालक केबिनमध्येच होते. मी घड्या घालत राहिले. त्या अर्ध्या तासाबद्दल देवाकडे क्षमा मागता येते. अकराच्या गप्प बसण्याचं काय सांगू? ती भीती होती, आणि तिला मी नेमाचं नाव दिलं.

याला दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात इस्त्रीवालीने सांगितलं, दादा इस्पितळात आहेत, मांडीचं हाड मोडलंय. काल दुपारी मी गेले.

ते खिडकीजवळच्या खाटेवर होते, निम्मे झालेले. मला बघून हसले. "या मौनीबाई. वाजले ना नऊ?"

मला हसता येईना. विचारलं, "फार दुखतं का हो दादा?"

"पायाचं काही नाही. पाठ खाजते." मग अंगाखालच्या चादरीचं टोक ओढून त्यांनी गालाला लावलं. "आपलीच आहे. दोन पाण्यांची."

खालच्या कोपऱ्यात आमच्या धुलाईची लाल खूण होती. कदाचित तिची घडी मीच घातली असेल.

"दादा, त्या दिवशी मी..."

"पिंपं आहेत का अजून?"

"आहेत. मागे पडलीत. त्यांत चिंध्या ठेवतात."

"नळी वरच्या फळीवर होती. वाळली असेल. गरम पाण्यात घातली की मऊ पडेल." मग त्यांनी हळूच विचारलं, "साहेबांना सांगणार होतात ना?"

"सांगते, दादा."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीखाली घरून आणलेला मऊ पंचा सरकवला आणि निघाले.

आज सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर आले. पिंपांतल्या चिंध्या काढल्या, पिंपं घासली. नळी गरम पाण्यात मऊ केली आणि मशीनचं पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला जोडली. पहिल्या खेपेला तिसरं पाणी दिलं. ते पिंपात उतरलं तेव्हा तळाची शिवण दिसत होती, इतकं नितळ. त्यातलं बादलीभर घेतलं, दुसऱ्या हातात दोन वर्षं खुंटीवरच राहिलेला दादांचा एप्रन घेतला.

इस्त्रीवालीने मान वर करून पाहिलं. "कुठे निघालात, मौनीबाई?" मग घड्याळाकडे बघून स्वतःच म्हणाली, "बोलणार कशा! अजून साडेआठच झालेत."

केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. मनातलं नाम मी तिथेच थांबवलं, हात जोडता येत नव्हते म्हणून नुसती मान लववली, आणि बादली न हिंदकळवता त्या दाराकडे चालू लागले.