घंटीनंतरची सहा अक्षरं

नामदेवरावांचं बोट काचेला कळत नव्हतं. एवढीशी गोष्ट, पण ती त्यांनी पोटात ठेवली आणि तिथूनच सगळा तमाशा सुरू झाला.

दोन हजार अकरा साल होतं. हैदराबादेत ज्याच्या त्याच्या हातात नवा मोबाईल दिसायला लागला होता. त्यांचा मुलगा कुलदीप तिकडं हायटेक सिटीत कंप्युटरच्या कंपनीत. एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, तुमचा तो डबा टाका आता," आणि दिलसुखनगरच्या घरातून त्यांना गाडीवर मागं बसवून थेट कोठीच्या बाजारात घेऊन गेला. दुकानदारानं कौतुकानं एक फोन पुढं ठेवला. नुसती काच. ना एक बटण, ना एक अक्षर. कुलदीपनं बोट फिरवलं की आतली चित्रं पळायची. नामदेवरावांनी बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. काही नाही. तिसऱ्यांदा असं दाबलं की दुकानदार काऊंटरवरून निम्मा बाहेर आला.

"चचा, कांच है, कांच! दबाव नक्को, हल्लू हात फेरो!"

त्यांनी हल्लू फेरला. काच मख्ख ती मख्खच.

आता हे बोट काय ऐरंगैरं होतं का? तेहेतीस वर्षं त्यांनी एका सरकारी खात्यात टायपिस्टचं काम केलं. साहेब आले, साहेब गेले, पण खात्यातला एक कागद त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. कळा बडवून बडवून बोटांची टोकं कोरडी आणि टणक झाली होती. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवनंतर खात्यात कंप्युटर आले, टायपरायटरवर बुरखे पडले, तेही त्यांनी सोसलं, कारण कंप्युटरला निदान कळा तरी होत्या. पण ही काच? तिला तर माणसाचं बोट म्हणजे जणू पेन्सिलीचा तुकडा! नामदेवरावांना ते फार लागलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

मग त्यांना मागच्या फळीवर एक फोन दिसला. त्याला छोट्या पडद्याखाली खरीखुरी बटणं होती, आणि उजव्या अंगाला फोटोसाठी एक वेगळं, टचटचीत बटण. त्यांनी ते दाबून पाहिलं. अर्धं दाबलं की फोन नजर बसवायचा आणि वाजायचा, टिंग. मग पूर्ण दाबलं की फोटो निघायचा, खटॅक. आधी टिंग, मग खटॅक! नामदेवरावांचा चेहरा उजळला.

"हाच," ते म्हणाले.

"बाबा, हे मॉडेल बंद होणाराय! बटणाचं कोण घेतं आता?" कुलदीप म्हणाला.

"हौ चचा, बटन का जमाना गया," दुकानदारानंही री ओढली. पण गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून म्हणाला, "हफ्ताभर वापरो. पसंद नै आया तो अगले इतवार कू ला के बदल लेव."

म्हणजे मुदत सात दिवसांची. सात दिवसांत घराला पटवायचं, नाहीतर ती आंधळी काच गळ्यात पडणार. बोटाचं खरं कारण सांगितलं असतं तर काम दोन मिनिटांत झालं असतं. पण नाही! मुलासमोर 'माझं बोट चालत नाही' म्हणायचं? त्यापेक्षा सरकारी माणसाला जे येतं ते त्यांनी केलं. मतं मागवली.

कपाटातून जुनी लांबट वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या. अनुक्रमांक, नाव, मत, शेरा. वर ठळक अक्षरांत विषय लिहिला: 'फोटोचे स्वतंत्र बटण असावे की नसावे.'

पहिलं मत कुलदीपचं. "आऊटडेटेड." शेऱ्यात नामदेवरावांनी लिहिलं, 'घाईत दिले.'

दुसरं सुनेचं, रेणूचं. ती बिचारी सासऱ्यांच्या बाजूनं होती, म्हणून मुद्दाम एक दिवस तो फोन भाजीला घेऊन गेली. परत आली तर पर्समध्ये बटण आपोआप दाबलं जाऊन एक्केचाळीस फोटो निघालेले. सगळे पर्सच्या आतले. त्यातल्या एकोणीस फोटोंत कोथिंबीर होती. "बाबा, मला माफ करा," म्हणत तिनं विरोधात सही केली.

खालच्या मजल्यावरचे अंबाजी टेलर. त्यांनी फोन उलटासुलटा करून बघितला, चष्म्यावरून बघितला, आणि गंभीरपणे विचारलं, "बटण आहे ते ठीक. पण काज कुठाय?" नामदेवरावांनी हे मत 'तटस्थ'मध्ये घातलं.

वरच्या मजल्यावरचे एकनाथराव वकील, पिढ्यान् पिढ्या हिमायतनगरात राहून आता इकडं आलेले. त्यांनी पाऊण तास बटणाच्या बाजूनं भाषण केलं, मग चहा घेतला, मग पाऊण तास विरोधात केलं, आणि शेवटी म्हणाले, "निर्णय राखून ठेवतो."

पण मतांपेक्षा घात केला तो फोटोंनी.

बुधवारी रेणूच्या नव्या स्कूटीची पूजा होती. सगळे दारात उभे राहिले. चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडूचा हार. नामदेवरावांनी फोन डोळ्यांसमोर धरला, श्वास रोखला, बटण अर्धं दाबलं. टिंग! आणि टिंग ऐकल्याबरोबर सगळे "झालं, झालं" म्हणत निघाले की! कुलदीपला ऑफिस, अंबाजीला गिऱ्हाईक. नामदेवरावांनी खटॅक केलं तेव्हा समोर नुसत्या पाठी होत्या, आणि स्कूटीसुद्धा निम्मी चौकटीबाहेर गेली होती.

"अरे, थांबा की! ती घंटी होती नुसती! फोटो व्हायचाय अजून!"

कोण ऐकतो? फोटो निघाला की फोन त्यांच्या हातात राहतच नसे. जो तो हिसकावून घ्यायचा आणि स्वतःला शोधायचा. "हे बघा, माझा फक्त कान!" "माझी चप्पल!" "बाबा, हा फोटो आहे का पळापळ?" करत फोन घरभर फिरायचा. वाचायचा चष्मा सापडेपर्यंत फोन चार्जिंगला लागलेला असायचा, आणि आत शिरून जुने फोटो कसे उघडायचे हे विचारायची नामदेवरावांना लाज वाटायची.

शुक्रवारी एकनाथरावांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. तोच प्रकार. टिंग झालं आणि माणसं केकवर तुटून पडली. शनिवारी नांदेडहून त्यांची धाकटी बहीण त्रिवेणी आली. तिला तर नामदेवरावांनी आधीच समोर बसवून शिकवलं.

"हे बघ त्रिवेणी, टायपरायटरची घंटी असते ना, तसं आहे हे. घंटी वाजली म्हणजे ओळ संपली असं नाही. संपत आली. अजून सहा अक्षरं बसतात. तसंच टिंग झालं तरी हलायचं नाही. खटॅक झालं की मग मोकळं."

"कळलं, दादा. मी काय लहान आहे का?" त्रिवेणी म्हणाली, पदर सावरून बसली, आणि टिंग झाल्याबरोबर "कोण आलं बघा गं दारात!" म्हणत उठून थेट दाराकडं गेली. तिच्यामागं घरातले सगळे दाराकडं गेले. दारात कुणी नव्हतं.

नामदेवराव मटकन खुर्चीत बसले. खरं म्हणजे हा घंटीचा पाठ या घराला नवा नव्हता. खात्याचा पगार पुरायचा नाही त्या काळात ते संध्याकाळी घरी विद्यार्थ्यांचे थिसीस टाईप करायचे. दोन खोल्यांचं घर, आणि खोलीभर खडखड. बायको, जयवंता, काही विचारायला आली की वर न बघता म्हणायचे, "थांब, ओळ पुरी होऊ दे." कुलदीपला ताप आला तरी, भाऊजी दारात आले तरी, "थांब, ओळ पुरी होऊ दे." त्यावरून तिनं अबोलेसुद्धा धरले होते. पण ते आता कुणाला आठवणार?

शनिवारी संध्याकाळी निकाल लागला. वही बघता बघता कुलदीप म्हणाला, "बाबा, नऊ विरोधात, एक तटस्थ, एक राखून ठेवलेला. बाजूनं तुम्ही एकटे. उद्या बदलून आणू." नामदेवरावांना वाटलं, आता तरी सांगावं. तोंड उघडलंही. पण त्रिवेणीनं मध्येच "काचेचा फोन किती झ्याक दिसतो, दादा!" म्हटलं आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. रात्री जेवताना त्यांनी वरण दुसऱ्यांदा घेतलं नाही. ते फक्त जयवंताबाईंच्या लक्षात आलं.

रविवारी दोघं बापलेक पुन्हा कोठीत. दुकानदार म्हणाला, "फोटुआं निकाल लेता हूं, सीडी में डाल देता हूं, नै तो सब चले जाएंगे." त्यानं फोनला वायर लावली आणि कंप्युटरच्या मोठ्या पडद्यावर फोटो एकामागून एक यायला लागले. आधी कोथिंबीर आली. एकोणीस वेळा आली. दुकानदारानं नामदेवरावांकडं एकदा नीट बघितलं.

मग स्कूटीची पूजा. मग वाढदिवस. मग त्रिवेणीचं दाराकडं जाणं. पाठी, कोपर, अर्धं डोकं, उडालेला पदर. नामदेवरावांनी मान खाली घातली.

दुकानदारानं मात्र माऊस थांबवला. मागं गेला, पुढं आला, परत मागं गेला.

"चचा, ये अम्मा कौन हैं जी?"

"कौन अम्मा?"

"ये की! देखो ना. सब लोगां भाग रैं, अम्मा अकेले खड़े हैं. सब फोटुआं में."

नामदेवरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. स्कूटीच्या फोटोत सगळ्यांच्या पाठी, आणि मधोमध जयवंता, हातात आरतीचं तबक, सरळ त्यांच्याकडं बघत. वाढदिवसाच्या फोटोत केकभोवती झुंबड, आणि भिंतीशी जयवंता, हात जुळवून उभी, सरळ त्यांच्याकडं बघत. त्रिवेणीच्या फोटोत खोली रिकामी झालेली, सोफ्यावर एकटी जयवंता, पाठ ताठ, आणि ओठांवर थोडंसं हसू. एकाही फोटोत ती हलली नव्हती. एकाही फोटोत तिचा डोळा मिटलेला नव्हता. आठवडाभर अकरा फोटो काढले, सगळ्यांनी वाईट ठरवले, आणि अकराच्या अकरा जयवंताचे झकास आले होते. ते कुणी बघितलंच नव्हतं, कारण जो तो आपल्यालाच शोधत होता. नामदेवरावांच्या एकदम लक्षात आलं की अकरा जणांची मतं मागवली, पण वहीत जयवंताचं नाव नाही. त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

"कुलदीप," ते म्हणाले, आणि या वेळी थांबले नाहीत, "माझं बोट त्या काचेला कळत नाही रे. टाईप करून करून मेलंय ते. मला बटणच पाहिजे."

कुलदीपनं वडलांकडं बघितलं, मग त्यांच्या बोटाकडं. "मग आठवडाभर वही कशाला भरत बसलात बाबा? एवढं सांगायचं ना!" तो चिडून म्हणाला, पण त्याचा आवाज जरा ओला झाला होता. दुकानदाराकडं वळून म्हणाला, "रहने देव भाई. येईच फोन रखते."

"हौ, रखो," दुकानदार म्हणाला. "अम्मा का फोटू तो इसी में आता."

घरी आले तर जयवंताबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. नामदेवराव चपला न काढता आत गेले.

"जयवंता, एक विचारू? टिंग वाजलं की सगळे पळतात. तू का नाही गं हललीस?"

तिनं वरही बघितलं नाही. "आता हे काय विचारणं झालं? घंटी वाजली म्हणून ओळ संपते का? तीस वर्षं कान किटले माझे त्या घंटीनं."

"मग तसं सगळ्यांना सांगायचं नाहीस का?"

"मला कुणी मत विचारलं होतं?"

यावर नामदेवरावांनी फोनच काढला. "बरं, बघ इकडं. अशीच. कणकेचे हात असू देत."

जयवंताबाई वळल्या. कपाळावरची बट मनगटानं मागं सारली आणि उभ्या राहिल्या. नामदेवरावांनी बटण अर्धं दाबलं. टिंग वाजलं. खोलीत दोघंच होती, आणि कुणी पळालं नाही. नामदेवराव त्या छोट्या पडद्यातून तिच्याकडं बघत राहिले. बोट बटणावर अर्धंच दाबलेलं, आणि पुढं दाबायचं त्यांना भानच नाही. गॅसवर तवा तापून धूर निघायला लागला. पण जयवंताबाई काही हलल्या नाहीत. मान ताठ, नजर समोर, ओठ न हलवता म्हणाल्या,

"अहो, ओळ पुरी करा की!"