मूळ व शुद्ध मंडळी

मेहकरच्या त्या लहानशा प्रोटेस्टंट मंडळीत कॅल्विनसाहेबाची शिकवण पक्की होती. तारण कुणाचं व्हायचं हे देवानं जग निर्माण करण्याआधीच ठरवलेलं. चर्चचे 'वडील', म्हणजे कारभारी, कोण व्हायचे हेही तेव्हाच ठरलंय, असं थोरले वडील नथानेल साळवे सांगत. योगायोग असा, की देवाची पसंती दर वेळी साळव्यांच्याच घरात येऊन थांबे.

भाजी विकणाऱ्या बेबीताईंना हे खटकायचं. एका रविवारी उपासना संपताच त्या उभ्या राहिल्या.

"दादा, देवानं कोणाले निवडलं हे तुमालेच कसं समजते? आमाले तं तो काही बोलला नाही. मतं घ्या."

"देवाच्या घरात मतदान?" साळवे उखडले. "उद्या दहा आज्ञाही मताले टाकसान!"

"आज्ञा राहू द्या. माणसं तेवढी निवडू द्या. देवापुढं समदे सारखे, असं तुमीच शिकवता ना?"

उपासना चालवणाऱ्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि वाद संपेपर्यंत उघडले नाहीत. तोवर निम्म्याहून जास्त लोक बेबीताईंकडे सरकले होते.

पुढच्या रविवारी चिठ्ठ्या पडल्या. साळवे हरले, बेबीताई वडील झाल्या. पोरांनी क्रांती झाली म्हणून पेढे वाटले. हा निकालही देवानं आधीच ठरवला असेल, हे मात्र साळव्यांच्या गळी उतरेना. त्यांनी रस्त्यापलीकडच्या टिनाच्या शेडमध्ये 'मूळ व शुद्ध मंडळी' काढली.

क्रांतीला पहिला तडा ढोलकीनं पाडला. शिकवण्या घेणाऱ्या सुचिताला गाण्यांना ढोलकी हवी होती. बेबीताईंना तो तमाशा वाटे.

"मी वडील आहो. मी नाही म्हनते."

"मंग टाका मताले," सुचिता म्हणाली.

बेबीताईंचा चेहरा उतरला. हे वाक्य इतकं कडू लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यांनी मतं घेतली. ढोलकी जिंकली आणि वर्षअखेरच्या निवडणुकीत बेबीताईंना हरवून सुचिताही.

साळवे लगबगीनं भाजीच्या गाडीपाशी आले. "आमच्याकडं या. तुमाले वडील करतो. मतदानाची भानगडच नाही."

"मंग मी चुकली तं मले काढन कोन?"

"कोनीच नाही."

"मंग नाही येत. वांगे देऊ का?"

रविवारी बेबीताई मागच्या सतरंजीवर बसल्या. ढोलकी वाजली तशी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तरी गायल्या. गाणं संपताच शेजारणीकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या टायमाले तुयं मत कोनाले?"