ब्रेकमधली हवा

हो, मीच बोलतेय. अंगणातल्या खिळ्याला टांगलेली हातभर लांबीची प्लास्टिकची नळी. आज पिवळी पडलेय, पण एके काळी माझ्यातून आरपार दिसायचं.

कारखान्यात मी एका भल्या मोठ्या वेटोळ्यात जन्मले. दुकानदाराने त्यातला तुकडा तोडून एका शिंप्याला दिला. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू. घरी येताच मास्तरांनी मला टेपने मोजलं आणि कापडाच्या कात्रीने कचकन कापलं.

"अहो, ती कात्री बोथट झाली तर उद्या गिऱ्हाइकाचं कापड काय दातांनी कापणार?" काकू कडाडल्या. माझं स्वागत झालं ते असं.

मास्तरांची गाडी जुनी. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल मऊ पडायचं, पाय नुसता खाली जायचा. मग अंगणात जॅक लागायचा, चाक निघायचं. चाकामागे एक छोटा पोकळ बोल्ट असतो, त्याला निपल म्हणतात. त्यावर माझं एक टोक चढायचं, दुसरं बाटलीतल्या तेलात बुडायचं. काकू गाडीत बसायच्या.

"दाब!" काकू पेडल दाबायच्या. "धर!" मास्तर पान्याने निपल सैल करायचे आणि माझ्या पोटातून तेल आणि बुडबुडे धावत सुटायचे. निपल पुन्हा घट्ट आवळलं की मगच "सोड!" त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. सगळी मेहनत पाण्यात.

खरं तर हे काम मास्तरांना एकट्यानेही जमत होतं. त्यांनी तसं करून पाहिलं होतं. पण घरात शिलाई मशीनच्या खडखडाटात दोघांचं बोलणं व्हायचं नाही. इथे काकू सीटवरून लेकीच्या सासरच्या गोष्टी सांगायच्या आणि मास्तर जमिनीवर पडल्या पडल्या हूं हूं करायचे. म्हणून ते दर वेळी काकूंना हाक मारायचे. माणसं सरळ सांगत नाहीत, काम काढतात.

एका वर्षी मात्र बुडबुडे संपेचनात. मास्तरांनी तेल बदललं, निपल नवं आणलं, माझ्यावरही संशय घेतला. शेवटी वैतागले.

"अगं, धर म्हटलं की धरायचं!"

"धरलंय की हो!"

पण माझ्यातलं तेल उलटं निघालं होतं. पाय उचलला गेला होता, हे मला आधी कळलं. मास्तर उठून दारापाशी गेले. काकू वाकून खालच्या तिन्ही पेडलांकडे बघत होत्या.

"यातलं आपलं कोणतं हो?" त्यांनी विचारलं.

मास्तर तेलकट हाताने दाराला धरून तसेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, लेक येऊन राहून गेली. काकूंचं विसरणं वाढतच गेलं. त्यांना तपासणीला याच गाडीतून न्यायचं, ब्रेकशी खेळ नको, म्हणून मास्तरांनी ते काम गॅरेजवाल्याला दिलं. मी खिळ्यावर वाळत राहिले.

परवा काकू अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "गाडीचं काम निघालं नाही का बरेच दिवस? मला बोलावत नाही तुम्ही. माझं काही चुकलं का हो?"

मास्तर मशीन सोडून उठले. जॅक लावला, चाक काढलं, मला निपलवर चढवलं. मी आता कडक झालेय, टोकाशी चिरलेय. तेल आलं असतं तर सगळं जमिनीवर गळलं असतं. पण मास्तरांनी निपलला पाना लावलाच नाही. नुसते खाली बसून म्हणाले, "दाब."

काकूंनी दाबलं. कोणतं पेडल, कुणास ठाऊक.

"धर." "धरलंय." "सोड."

माझ्यात थेंबही आला नाही. मास्तर बाहीने डोळे पुसत म्हणाले, "वा! एक बुडबुडा नाही बघ."

"मग! मी आहे ना," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी लेकीच्या सासरची गोष्ट सुरू केली, अर्ध्यात विसरल्या, पुन्हा सुरू केली. मास्तर हूं हूं करत राहिले.

लेक आता आवराआवरीला येणार आहे. कुणीतरी तिला सांगा, एवढ्यात मला टाकू नकोस. काकू "मला का बोलावत नाही" असं विचारायच्या थांबल्या, की मग खुशाल टाक. तेव्हा माझं काही म्हणणं असणार नाही.