सालींचं पाणी

आमच्या घरी कुठल्याच बरणीवर चिठ्ठी नसते. हुंगायचं आणि ओळखायचं. कपड्यांचं वेगळं, भांड्यांचं वेगळं, आणि मोरीजवळ रांगेत उभं असतं ते सालींचं पाणी. कोपऱ्यावरचा रसवाला लिंबा-संत्र्यांच्या साली पोत्याने फेकून देतो, त्या मी उचलून आणते. पाणी, दोन मुठी साखर आणि तीन महिने धीर, एवढंच लागतं त्याला. फक्त रोज संध्याकाळी झाकण सैल करायचं, म्हणजे आत कोंडलेली हवा फुस्स करून बाहेर पडते. विसरलात तर बरणी फुटते. एकदा फुटली होती, आठवडाभर छताचे डाग घासत होते मी. गाळून घेतलं की मग फरशी म्हणा, काच म्हणा, शेगडी म्हणा, सगळं लखलखीत.

आता गंमत बघा. आमचे हे दारोदार फिरून फरशी पुसायचं लिक्विड विकतात. आठ वर्षं झाली, अजून टेंपररीच. आणि त्यांच्याच घरात त्या लिक्विडचा एक थेंब नाही. परवडत नाही, आणि परवडलं असतं तरी मी आणलं नसतं, कारण त्याच्या वासाने सासूबाईंना खोकल्याची उबळ येते. हे फक्त रिकाम्या बाटल्या आणतात. जाड, पांढऱ्या, आतलं काही न दिसणाऱ्या. चांगली बाटली फेकायला माझा हात होत नाही, मी त्या धुऊन त्यांत आपलं पाणी भरते. लेबलं काही निघत नाहीत मेली, म्हणून राहू देते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमचं अंथरूण इतकं तोकडं, की मी पाय पोटाशी घेऊन झोपायला शिकले. त्याची मला लाज नाही, कधीच नव्हती.

त्या दिवशी हे धापा टाकतच घरात शिरले. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. कंपनीला खऱ्या माणसाच्या खऱ्या घरात जाहिरात करायची होती आणि कुणीतरी सांगितलं होतं, याच्या घरची फरशी बघा. जाहिरात मनासारखी झाली तर साहेब पर्मनंट केल्याचं पत्र जागच्या जागी देणार होते, सही करून बरोबरच आणणार होते. दोन वाक्यं बोलायची, बस्स, हे म्हणाले. लिक्विडचं नाव घे आणि मोकळी हो.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या मेहनतीवर कंपनीचं नाव? पण समोर उभा होता तो आठ वर्षं जिने चढून गुडघा झिजवलेला माणूस. पर्मनंट झाले असते तर आजारपणाची रजा मिळाली असती, गुडघा डॉक्टरला दाखवता आला असता. म्हटलं, बोलते. एका खोट्याने आभाळ कोसळत नाही.

सकाळी यांनी घाईघाईत मोरीजवळच्या चार बाटल्या उचलून फळीवर मांडल्या, लेबलं पुढे करून. आत काय आहे ते घाबरलेल्या माणसाच्या लक्षात कुठून राहणार? मी आतल्या खोलीत सासूबाईंची वेणी घालत होते, मला पत्ताच नाही.

साहेब आले ते पायपुसणं ओलांडून, चिखलाच्या बुटांनी थेट खोलीच्या मध्यभागी. मागून कॅमेरावाली बाई. साहेबांनी फळीवरची बाटली उचलली, खिडकीच्या काचेवर पाणी शिंपडलं आणि फडकं फिरवलं. काच अशी निघाली की ती आहे की नाही ते चाचपून बघावं लागेल. मग बोटं हुंगून म्हणाले, खरं लिंबू वाटतं की नाही? चार वर्षं घातलीत आमच्या लोकांनी या वासामागे. कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. यांचा चेहरा पांढराफटक पडला. वासावरून मीही ओळखलं, पाणी माझंच होतं; आयत्या बिळावर नागोबा तो हाच.

मग मला खिडकीत उभं केलं आणि हातात कागद दिला. दोन नव्हती, तीन वाक्यं होती. पूर्वी माझ्या घराला कुबट वास यायचा. पाहुणे आले की मला लाज वाटायची. लिक्विडचं नाव यायचं ते तिसऱ्यात.

मी पुन्हा वाचलं. ही फरशी मी रोज गुडघ्यांवर बसून पुसते. याच खोलीत सासूबाईंची दोन मोठी आजारपणं काढली, पण उशाला कधी वास राहू दिला नाही. लिक्विडचं नाव काय, दहादा घेतलं असतं. पण कुबट? मी कागदाची घडी घातली.

"नाव घेते," मी म्हणाले. "पण माझं घर घाण होतं, असं मी म्हणणार नाही."

साहेब हसले. असं मनावर घ्यायचं नसतं वहिनी, हे नुसतं लिहिलेलं असतं, म्हणाले. मग दुसरं लिहा, मी म्हटलं. तर म्हणाले, घर घाण नसेल तर बाई आमचा माल घेईल कशाला? त्यांनी बॅगेतून लिफाफा काढून टेबलावर ठेवला, त्यावर बोट टेकवलं आणि यांना सांगितलं, समजवा वहिनींना जरा.

मीही यांच्याकडे बघितलं. यांनी हात जोडले असते तर कदाचित म्हटलंही असतं मी. आणि जन्मभर यांना माफ केलं नसतं.

हे गुडघा धरून उठले आणि साहेबांच्या हातातली बाटली काढून घेतली.

"साहेब, काच आपल्या मालाने नाही निघाली. हे हिचं पाणी आहे, सालींचं."

साहेब कधी बाटलीकडे बघत, कधी बोटांकडे. सासूबाईंनी मटाराची शेंग फोडली आणि म्हणाल्या, चार वर्षं कशाला घालवलीत, तीन महिन्यांत होतं ते.

लिफाफा बॅगेत परत गेला. कामावरून काढलं नाही, पण पर्मनंटचं आता विसर, असं साहेबांनी जिन्यात इतक्या मोठ्याने सांगितलं की खालच्या मजल्यावरची दारं उघडली.

मी बुटांचा चिखल पुसायला बसले. हे बाटल्या एकेक करून मोरीपाशी नेत होते. शेवटी मीच म्हटलं, माझ्यापायी गेलं सगळं, बोला काय बोलायचं ते.

"रोज चाळीस दारं वाजवतो मी," हे म्हणाले. "दार उघडलं की पहिलं वाक्य तेच असतं माझं. वहिनी, तुमच्या घराला वास येतोय."

माझं फडकं तिथेच थांबलं. आठ वर्षं. किती जणींनी मागे वळून आपल्याच घराकडे चोरट्यासारखं बघितलं असेल. यांचा राग यावा तर यांचे डोळे भरून आले होते. मी एवढंच विचारलं, उद्या काय म्हणाल? माहीत नाही, म्हणाले. जावं तर लागेलच. पण ते वाक्य आता तोंडातून निघायचं नाही.

संध्याकाळी हे आपणहून मोरीजवळ गेले, दुखरा गुडघा लांब करून खाली बसले, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा बरणीच्या झाकणाला हात लावला. फुस्स झालं तसे केवढ्याने दचकले.

सासूबाई आतून म्हणाल्या, सावकाश रे, आधी नुसतं सैल कर.