माझ्यातून गेलेला एक शब्द

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सफेदोर नावाच्या कसब्यातल्या रेडिओघरात, खिडकीच्या कट्ट्यावर माझी जागा आहे. माझी जाळी एका अंगाने चेपली आहे. आतला पडदा फाटला आहे, म्हणून आता माझ्यातून कुणाचा आवाज बाहेर जात नाही. उकाड्यात वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड शहरात झाला. कारखान्यातल्या बायकांनी माझ्या पोटात केसापेक्षा बारीक तार गुंडाळली, पातळ पडदा ताणला, आणि एकीने तोंड जवळ आणून "एक, दोन, तीन" म्हटले. तेवढीच माझी परीक्षा. मग भुश्शाने भरलेल्या पेटीत बसून मी वख्श नदीच्या खोऱ्यात आलो. जिकडे पाहावे तिकडे कापूस. त्या काळी रेडिओघरातून तारा निघत आणि प्रत्येक घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या छोट्या पेटीपर्यंत जात. माझ्यापुढे कुणी खोकले तरी सफेदोरच्या साऱ्या चुलींना कळे.

माझ्यापुढे बसायची ती मुनझिफा. तेव्हा ती नुकती शाळा संपवून आली होती. यंत्राजवळ बसायचे होलमुराद-अका. अका म्हणजे मोठा भाऊ. पण त्यांना त्यांचे आजोबासुद्धा अका म्हणत असावेत, इतके ते जन्मापासून म्हातारे दिसत. पाण्याची पाळी, कापसाचा भाव, लग्नांची आमंत्रणे, मेलेल्यांची नावे, सगळे माझ्यातून जात होते. बरेचसे शब्द गेले की विसरले जात. एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा येत राहिला आणि प्रत्येक वेळी वेगळाच होऊन आला. त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

तो शब्द म्हणजे जंगी. ऐकतो की तुमच्याही भाषेत तो आहे. तुमच्याकडे स्वागत जंगी होते, कुस्त्यांचा फड जंगी भरतो. आमच्याकडे मी तो पहिल्यांदा ऐकला नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या जत्रेत. सैफिद्दीन नावाचा एक तरुण काखेत कोंबडा घेऊन आला होता.

"आपा, लांबून बोला," तो मुनझिफाला म्हणाला. "हा जंगी आहे. तुमच्या त्या चकचकीत माईकला दुसरा कोंबडा समजेल."

लोक हसले. कोंबड्याने खरोखरच माझ्या जाळीवर चोच मारली. तेव्हा शब्दाचा अर्थ एवढाच होता: झुंजीचा, माघार न घेणारा.

पुढच्या शरद ऋतूत मला शेतावर नेले. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम होती सनोबर. कापसाची पाने झडावीत म्हणून विमानातून औषध फवारत, आणि बायका शेतात असतानाच फवारत. डोळे चुरचुरत, अंगावर चट्टे उठत. सनोबरचे तान्हे मूल, दिलोवर, बांधावरच्या तुतीखाली पाळण्यात झोपले होते. विमान एकदा वरून गेले. ती धावत गेली, तर पोराच्या दुपट्यावर पिवळट थेंब पडलेले. तिने पोर उचलले आणि सरळ धावपट्टीकडे निघाली. टोळी तिच्यामागे गेली. विमान औषध भरायला खाली उतरले होते. बायका त्याच्यापुढे मातीत मांडी घालून बसल्या.

सामुदायिक शेताचे अध्यक्ष जीपमधून आले. आम्ही त्यांचे भाषण टिपायला आलो होतो, म्हणून मी चालूच होतो.

"ही बाई आहे का जंगी कोंबडा?" अध्यक्ष ओरडले.

"कोंबडा असते तर पहाटेच आरवले असते, अध्यक्ष," सनोबर म्हणाली. "आता दुपार झाली. तुम्हाला जाग यायची वाट बघत बसले होते."

संध्याकाळपर्यंत ती उठली नाही. त्या हंगामात पुन्हा माणसांवर फवारा झाला नाही. अध्यक्षांनी तिला मुकादमीवरून काढले. सभेत "ही जंगी वृत्ती आपल्याला घातक आहे" असे म्हणाले. पण हिवाळ्यात राजधानीच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. कामकऱ्यांच्या हक्कासाठी लढणारी, जंगी बाण्याची स्त्री, असे खाली लिहिले होते. मग त्याच अध्यक्षांनी त्याच सभागृहात तिच्या खांद्यावर रेशमी अंगरखा घातला आणि मुनझिफाने माझ्यातून सांगितले, "आमची जंगी सनोबर."

सनोबरची सासू दुसऱ्या दिवशी रेडिओघरात भाकरीचा वानवळा घेऊन आली. म्हणाली, "रेडिओला आज कळलं होय? मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीभर सांगितलं होतं."

मित्रांनो, माझे ते दिवस सुखाचे होते. होलमुराद-अका मला मऊ फडक्याने पुसत. वर्षे गेली. बाजारात एका खोलीत पिक्चर दाखवू लागले, त्यात बंदुका आणि उड्या असत. पोरे दाराशी विचारत, "जंगी आहे का? नाहीतर पैसे परत." दिलोवर आता उंच झाला होता. बेकरीची नान घरोघर पोचवायची गाडी तो चालवी. तोही त्या खोलीत जाई, आणि बाहेर आल्यावर गाडीत बसून तोंडाने गोळ्यांचे आवाज काढी. आई म्हणे, "एवढा जोर ब्रेक दुरुस्त करण्यात लाव."

मग आमच्या देशात भाऊबंदकीचे युद्ध पेटले. कोण कुठल्या खोऱ्यातला, कोणाचा आजा कुठून आला, यावर माणसे मरू लागली. नदीच्या अलीकडचे पलीकडच्यांना जंगी म्हणत आणि आपल्यांना "आपली पोरं" म्हणत. पलीकडेही असेच बोलत असणार; आमच्या तारा तिथपर्यंत पोचत नव्हत्या. शब्द तोच होता, पण तो ऐकून आता कुणी हसत नव्हते. ज्याला तो चिकटे त्याच्या घराकडे कुणी पाहत नसे. त्याच्या बायकोला विहिरीवर कुणी ओळख देत नसे.

सैफिद्दीन आता कमांडर झाला होता. पुलावर त्याच्या पोरांचा नाका होता. दिलोवर मात्र रोज पूल ओलांडून नान नेई. पलीकडेही माणसे जेवतात, एवढेच तो म्हणे. आणि जाता जाता नाक्यावरही नान देई.

एका सकाळी गाडीचा ब्रेक लागला नाही. नाक्यावरच्या पोरांनी "थांब" म्हटले, गाडी थांबली नाही आणि एकाने गोळ्या झाडल्या.

दुपारच्या बातम्यांआधी सैफिद्दीन रेडिओघरात आला. बंदूक माझ्याशेजारी टेबलावर ठेवली आणि मुनझिफाला म्हणाला, "लिहून घ्या, आपा. आज सकाळी पुलावर एक जंगी मारला गेला. दिलोवर, सनोबरचा मुलगा."

मुनझिफाची लेखणी थांबली. "तो नानवाला आहे, सैफिद्दीन. काल तुम्हीसुद्धा त्याच्या हातची खाल्ली असेल."

"काल खाल्ली. आज तो जंगी आहे."

"त्याच्याजवळ काय सापडलं?"

सैफिद्दीनने दाराकडे पाहिले. मग हळू म्हणाला, "नाक्यावरच्या माझ्या एका पोरानं गोळी झाडली, आपा. एकोणीस वर्षांचा आहे. मेलेला नानवाला निघाला, तर माझा पोरगा खुनी होतो. मेलेला जंगी निघाला, तर तो शूर होतो. कळलं? आता वाचा."

तिने वाचले. त्या शब्दापाशी तिचा श्वास अडकला तो फक्त मला जाणवला. शब्द माझ्या पडद्यावर आपटला, तारेत शिरला आणि सगळ्या स्वयंपाकघरांत गेला.

त्या दुपारी सनोबर रेडिओघरात आली. डोक्यावरचा रुमाल उलटा बांधला गेला होता. तिने आधी पाणी मागितले आणि उभ्यानेच प्यायली.

"तुझ्या आवाजात ऐकलं," ती म्हणाली. "पुलाकडून कुणी निरोपसुद्धा आणला नव्हता गं. कढईखाली जाळ घालत होते."

"खोला," मुनझिफा म्हणाली. आमच्याकडे मावशीला खोला म्हणतात. "समोर बंदूक होती."

"असणारच. मी तुझ्याशी भांडायला आले नाही. बेकरीवाल्यानं पोराला मागल्या दारानं घरी आणून टाकलं आणि तोंड लपवून पळाला. त्याला आंघोळ घालायला कुणी नाही. त्याचा बाप केव्हाच गेला; घरात थकलेला सासरा आणि माझा आंधळा भाऊ. खांदा द्यायला चार माणसं लागतात. भिंतीपलीकडं शेजारी श्वाससुद्धा जपून घेतायत. त्यांचाही दोष नाही. जंग्याच्या मयताला गेलं की उद्या तेही जंगीच." तिने माझ्याकडे बोट केले. "हे चालू कर."

मुनझिफाने होलमुराद-अकांकडे पाहिले. त्यांनी चष्मा पुसला.

"यंत्र तापायला जरा वेळ लागतो," ते म्हणाले. "तेवढ्यात मला शहाणपण सुचतं का बघतो."

यंत्र तापले. त्यांनी मान हलवली. "नाही सुचलं," म्हणाले, आणि बटण वर केले.

सनोबर माझ्याजवळ आली. फार जवळ आली. बोलायची सवय नसलेली माणसे तशीच येतात. तिच्या तोंडाला कांद्याचा वास होता.

"मी सनोबर," ती म्हणाली. "मला या पेटीतून एकदा जंगी म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आठवत असेल. मी विमान अडवलं होतं म्हणून. आज माझ्या पोराला तेच म्हटलं. त्यानं काहीच अडवलं नाही. त्याची गाडीसुद्धा त्याला अडवता आली नाही. गाडीत नान होती, अजून तिथंच पडली आहे, जाऊन बघा. तुमच्यापैकी कितीजणांनी आज सकाळी त्याच्या हातची खाल्ली ते तुमचं तुम्हाला माहीत. मला खांदे कमी पडतायत. दिवस मावळायच्या आत माती द्यायची आहे. एवढंच."

बटण खाली आले. सनोबरने रुमाल सोडून नीट बांधला आणि ती गेली.

मी टेबलावरचा, मला गल्ली कशी दिसणार? पुढचे मी मुनझिफाकडून ऐकले. बराच वेळ गल्ली रिकामी राहिली. मग बेकरीवाल्याचे फाटक उघडले. तो पुढच्या दाराने आला, भरदिवसा, अंगावर पिठाचा झगा तसाच. त्यामागून पाणी सोडणारा पाटकरी आला. मग सनोबरच्या जुन्या टोळीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना घराबाहेर ढकलले. एकीने म्हणे नवऱ्याला विचारले, "तुम्ही जाताय, का मी तुमचे जोडे घालून जाऊ?" जनाजा निघाला तेव्हा खांदा बदलायला माणसे रांगेत उभी होती. रस्ता पुलावरूनच जात होता. नाक्यावरच्या पोरांनी वाट दिली. ज्याने गोळी झाडली होती, तो खाली वाकून बुटाचे बंद बांधत राहिला. सगळे पलीकडे जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

दिवे लागायच्या सुमाराला सैफिद्दीन आला. "बटण कुणी दाबलं?"

"मी," मुनझिफा म्हणाली.

"तिला ते बटण कुठं असतं तेसुद्धा माहीत नाही," होलमुराद-अका म्हणाले. "गेली कित्येक वर्षं मीच दाबतोय."

सैफिद्दीनने बंदुकीचा दस्ता माझ्यावर हाणला. मी भिंतीवर आपटलो. त्यानंतर माझ्यातून आवाज गेला नाही. सैफिद्दीनची पोरे होलमुराद-अकांना बरोबर घेऊन गेली. जाताना अकांनी यंत्राची तार काढून ठेवायला सांगितले, पावसाळी हवेत ती खराब होते म्हणून. ते परत आले नाहीत. मुनझिफा त्याच आठवड्यात आपल्या मुलांना घेऊन नदीपार गेली.

मी रिकाम्या खोलीत धुळीत पडून राहिलो. उंदरांनी माझी वायर खाल्ली.

पुढे समेट झाला. युद्धात डोंगरात गेलेले पलीकडचे लोक खाली आले. ज्यांना काल जंगी म्हणत होते, त्यांचे मीठ आणि नान देऊन स्वागत झाले. "आपले बांधव परतले" असे नव्या माईकवरून सांगितले गेले. त्यांतल्या काहींना पोलिसांचा पोशाख मिळाला. सैफिद्दीन बाजाराचा मालक झाला आणि त्याला कुणी काहीच म्हणत नाही. शब्द असा एका दिवसात उतरवता येतो, हे मी तेव्हा पाहिले. पण तो ज्यांच्यावरून उतरवायचा ते जिवंत असावे लागतात. होलमुराद-अकांच्या नावापुढे सरकार दरबारी अजून "जंग्यांचा साथीदार" असेच आहे. त्यांच्या नातवाला त्यामुळे नोकरी लागली नाही. मुनझिफा परत आली, मला धुळीतून उचलले, आणि तेव्हापासून दर वसंतात जिल्ह्याच्या कचेरीत जाते.

"अजून तेच का, आपा?" तिथला साहेब यंदाही म्हणाला. "एक शब्द तर आहे."

"एकच आहे ना," ती म्हणाली. "मग खोडायला कितीसा वेळ लागतो?"

तो अजून खोडलेला नाही. सनोबर दोन वर्षांपूर्वी वारली.

आता मुनझिफा थकली आहे. बातम्या वाचायला मेहरांगेझ नावाची मुलगी येते. ती हुशार आहे, वेगाने वाचते. गेल्या आठवड्यात वाचण्याआधी ती सराव करत होती. "सीमेजवळच्या चकमकीत तीन जंगी ठार."

खिडकीशी बसलेल्या मुनझिफाने विचारले, "नावं काय त्यांची?"

"दिलेली नाहीत, आपा."

"काय करत होते तिथं?"

"तेही दिलेलं नाही. वरून असंच आलंय. वरून आलेलं बदलायचं नसतं, असं तुमच्या या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला सांगतात." तिने घड्याळाकडे पाहिले. "आता फोन करायला वेळ नाही."

"मग माहीत आहे तेवढंच वाच."

मेहरांगेझ चिडली. कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. तांबडा दिवा लागला. ती नव्या माईकपुढे वाकली आणि नेहमीपेक्षा सावकाश म्हणाली, "सीमेजवळच्या चकमकीत तीन माणसं ठार झाली." दिवा विझला. लगेच वरिष्ठांचा फोन वाजू लागला. तिने मुनझिफाकडे पाहिले आणि स्वतःच उचलला.

मित्रांनो, माझा पडदा तर फाटला. पण तुमच्या गळ्यात चालता माईक आहे, आणि त्याचे बटण तुमच्याच हाती आहे. त्याची काळजी घ्या. कुणाला एखादे नाव ठेवायचे झाले, तर आधी क्षणभर थांबा. जो शब्द तुम्ही सहज फेकता तो दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतो, आणि तो उचलायला कधीकधी जन्म पुरत नाही.