पहिली फुगडी विहिणींची

कोथरूडमधल्या सोसायटीच्या फलकावर श्रीनिवासरावांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली होती. शनिवारी सायंकाळी फुगडी व पियूष दिन. फुगडी न घालणाऱ्यांस पियूष मिळणार नाही. गुडघ्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या जाणार नाहीत. जाता-येता लोक ती वाचून हसत होते. श्रीनिवासरावांच्या बायकोला, कुसुमताईंना, तेवढं हसू येत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर कधी कॉफी दिनाच्या, कधी साल्सा दिनाच्या शुभेच्छा पडायला लागल्या, तेव्हा श्रीनिवासरावच सभेत म्हणाले होते की त्यांचं चालू द्या, पण आमच्या फुगडीनं आणि पियूषनं कुणाचं काय घोडं मारलंय? चेष्टेत निघालेला तो दिवस दर चैत्रात येऊ लागला आणि त्याला रीतीही फुटल्या. सगळ्यांत लाडकी रीत ही, की वर्षभरात ज्या घरी पाळणा हलला, त्या घरच्या दोन्ही आज्यांनी पहिली फुगडी घालायची. मग बाळाच्या आईनं काठोकाठ भरलेला पियूषचा ग्लास त्यांच्या हातात द्यायचा.

या वर्षी पाळणा कुसुमताईंच्या घरी हलला होता. आणि दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता.

आधी सुईत दोरा जाईना. मग रांगोळीची रेघ दोन जागी तुटली. तेव्हापासून त्या चहा अर्धा कपच घ्यायच्या, पित्ताचं कारण सांगून. चारचौघांत हात पदराखाली ठेवायच्या, जसा कुणी पोपटाचं पिल्लू झाकून ठेवावं. डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या. डॉक्टर आजाराचं नाव सांगतील, आणि नाव कळलं की ते घरात सगळ्यांचं होईल.

सोमवारपासून सून ऋतुजा कामावर रुजू होणार होती. तान्ही स्वराली दिवसभर कुसुमताईंजवळ राहणार, हे ठरलं होतं. ते सहज ठरलं नव्हतं. ऋतुजाची आई शकुंतलाबाई वारज्याच्या; जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तरी दारची म्हैस त्यांनी सोडली नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, पोर माझ्याकडं राहू द्या, अंगण हाय, दूध हाय. कुसुमताईंनी शांतपणे उत्तर दिलं होतं की आमच्याकडे अंगण नसलं तरी आम्ही दोघं रिकामे आहोत. तिथंच ते मिटलं होतं.

आता फुगडी टाळायची तर गुडघा सांगावा लागणार. गुडघा सांगितला तर बाळ कसं सांभाळणार, असं कुणीतरी विचारणार. जे सांगावं ते स्वरालीपाशीच येऊन थांबत होतं. रात्री डोळा लागेना. आणि त्या भीतीच्याही खाली एक भीती होती, तिच्याकडे त्या बघतच नव्हत्या. गेल्या आठवड्यात बाळाला न्हाऊ घालताना गरम पाण्याचा तांब्या हातातून सुटला. बाळाच्या पायाशेजारी पडला. हाताला साबण होता, असं त्यांनी ऋतुजाला सांगितलं होतं, आणि स्वतःलाही पुन्हा पुन्हा.

शनिवारी वाहनतळ झाडून मोकळा केला होता. शकुंतलाबाई चक्क्याचा डबा घेऊन वारज्याहून आल्या. बायकांनी गोल धरला. स्वराली आजोबांच्या खांद्यावर, तिचा बाप पुष्कर मोबाइल रोखून उभा.

दोघींनी हातांची अढी घातली, पावलांना पावलं भिडवली. शकुंतलाबाईंचा तळवा भाकरीसारखा, ऊबदार आणि खरखरीत. पहिल्या गिरकीलाच त्यांनी उखाणा टाकला :

कोथरूडच्या विहिणीचा तोरा लई भारी गं,
दही आमच्या वारज्याचं, मिरवते ही सारी गं!

बायकांनी टाळ्या दिल्या. कुसुमताईंचं उत्तर चार दिवसांपासून तयार होतं :

वारज्याच्या विहिणीची फुगडी फिरते गरागरा,
नात माझ्या मांडीवर, तुम्ही आपल्या जा घरा.

ओळ ओठापर्यंत आली. तेवढ्यात त्यांची बोटं सुटू लागली. भिंती, खांब, माणसं, सगळं भोवती पातळ होऊन फिरत होतं आणि हातातला कंप समोरच्या हातात उतरत होता. शकुंतलाबाईंच्या डोळ्यांतलं हसू थांबलं. त्यांनी पंजा सोडला आणि पुढच्याच क्षणी मनगट पकडलं, घट्ट, विहिरीच्या काठाशी धरावं तसं.

“सोडत न्हाई मी,” त्या हळूच म्हणाल्या. “फिरा तुम्ही.”

कुसुमताई फिरल्या. ओळ तोंडातच विरली. विहीणबाई हरल्या, असा गलका झाला.

थांबल्यावर ऋतुजा ट्रे घेऊन आली. केशराच्या रंगाचं पियूष काठाला टेकलेलं. शकुंतलाबाईंनी तिला अडवलं. यांचा ग्लास अर्धा कर, फुगडीवर एवढं गोड सोसत नाही, असं काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच अर्धं पियूष आपल्या ग्लासात ओतून घेतलं.

कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. कुसुमताईंच्या हातात अर्धा ग्लास होता, आणि तो सांडत नव्हता. आता सोमवार त्यांचा होता. आजोबांच्या खांद्यावरून स्वराली त्यांच्याकडे बघून हसली, पाय झाडत. तो उघडा, गुबगुबीत पाय त्यांना दिसला आणि तांब्याचा आवाज कानात घुमला.

“ऋतुजा, पूर्ण भर,” त्या म्हणाल्या.

“आई, पित्त होईल.”

“भर तू.”

ऋतुजानं जगमधून ओतलं. कुसुमताईंनी हात पदराबाहेर, पुढे धरला. पियूष काठावरून निसटलं, बोटांवरून मनगटाकडे ओघळलं, फरशीवर ठिपके पडले.

“दिवाळीपासून आहे हे,” त्या म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात तांब्या पडला, तोही साबणामुळे नाही.”

ऋतुजानं जग खाली ठेवला. तिनं एकदा बाळाकडे बघितलं, एकदा सासूकडे. “मी शेजारच्याच खोलीत होते ना, आई,” एवढंच ती म्हणाली. त्यात राग होता.

तिनं ग्लास काढून घेतला. ओढणीनं त्यांची बोटं पुसू लागली, एकेक, जरा जोरातच. सोमवारी आधी डॉक्टर, म्हणाली. बाळाचं त्यानंतर ठरवू. शकुंतलाबाई मध्येच म्हणाल्या, म्हैस काय पळून जात न्हाई, आंघोळीपुरती मी येत जाईन.

श्रीनिवासराव केव्हा जवळ आले कळलं नाही. त्यांनी फरशीवरच्या ठिपक्यांकडे पाहिलं.

“पियूष सांडणाऱ्यांबाबत फलकावर काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा कोरडा निघायला हवा होता. तो निघाला नाही.

मागे दुसरी जोडी उभी राहिली होती, टाळ्या सुरू झाल्या होत्या. बोटं पुसून कधीच झाली होती. हात ऋतुजाच्या मुठीत थरथरत होता, आणि तिनं अजून तो सोडला नव्हता.