छापून वाटल्याच्या दिवसापासून

“नववं कलम तर काढून टाकलंय. मग चौदाव्यात ‘नवव्या कलमाप्रमाणे’ कसं राहिलं?”

तिने कोणालाच विचारलं नव्हतं, पण शेजारचा मशीनवाला बोललाच. “सापडलं वाटतं काहीतरी. चिमटा रिकामा कसा येईल?”

चर्चच्या छापखान्यात प्रुफं तपासायला लागून तिला एकतीस वर्षं झाली होती आणि चिमटा हे नाव पडून तीस. समोर पाळकांच्या दीक्षेची नवी नियमावली होती. या नियमावलीवरून महासभेत वर्षभर भांडण झालं होतं. जुन्या नियमाप्रमाणे, पाळक होऊ पाहणाऱ्याला विश्वासनाम्यातलं, म्हणजे चर्च काय मानतं ते सांगणाऱ्या लेखातलं, एखादं वाक्य पटत नसेल, तर परीक्षेच्या वेळी उभं राहून तसं सांगता येई. सभा ऐकून घेई आणि एवढा मतभेद चालेल की नाही ते ठरवी. हेच नववं कलम. महासभेने ते सहा मतांनी उडवलं होतं. आता सगळं मान्य करा, नाहीतर घरी जा. नवा नियम लागू होणार होता नियमावली छापून वाटल्याच्या दिवसापासून.

आणि गुरुवारी तिच्या बहिणीच्या मुलीची परीक्षा होती. आज मंगळवार.

काल संध्याकाळी दोघी मटार सोलत बसल्या होत्या, तेव्हा तिने विचारलं होतं, “तुला नेमकं कुठलं वाक्य खटकतंय गं?”

“‘बालपणी मरण पावणारी निवडलेली बालके तारली जातात.’”

“मग? चांगलंच आहे की.”

“देवाने आधीच निवडलेली, मावशी. न निवडलेल्यांचं काय?”

तिच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली. हे वाक्य तिने अकरा आवृत्त्यांमध्ये तपासलं होतं. हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

“मला कसं दिसलं नाही हे?”

“तू चुका शोधत होतीस. त्यात चूक कुठे आहे? अगदी शुद्ध लिहिलंय.”

भाची धर्मशिक्षण घेण्याआधी सहा वर्षं नवजात बालकांच्या वॉर्डात नर्स होती. “आया विचारायच्या, सिस्टर, माझं बाळ कुठे गेलं? या वाक्याखाली सही करून मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू?”

“आणि गुरुवारच्या आत नियमावली निघाली तर?”

“तर मी घरी. पण तू मध्ये पडू नकोस. तुझ्या नोकरीवर येईल.”

छापखान्याची रीत अशी होती: चूक अक्षरजुळणीत असेल तर तिने दुरुस्त करायची, मूळ मजकुरातच असेल तर चिठ्ठी लिहून समितीला विचारायचं, आणि लेखी उत्तर येईपर्यंत काम मशीनवर चढवायचं नाही. समिती बसायची महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्थात एवढी उस्तवार कोणी करत नसे. ती समितीच्या कार्यवाहांना फोन करी, ते म्हणत “टाका काढून”, की झालं.

फोनवर हात ठेवून ती बसून राहिली. चूक खरी आहे का? आहे. गुरुवारी भाचीची परीक्षा नसती, तर चिठ्ठी लिहिली असती का? नसती. दोन्ही उत्तरं तिने पुन्हा तपासली. दोन्ही बरोबर होती, आणि एकामुळे दुसरं खोटं ठरत नव्हतं. हे तिला नवलाचं वाटलं.

तिने चिठ्ठी लिहिली. खाली एक ओळ वाढवली: गुरुवारच्या परीक्षेतील उमेदवार माझी भाची आहे, हे समितीला माहीत असावे.

दुपारी कार्यवाह स्वतःच आले. नव्या नियमासाठी सगळ्यात जास्त झटलेले पाळक तेच.

“एक फोन केला असतात तर पाच मिनिटांचं काम होतं, बाई.”

“हो. एकतीस वर्षं फोनच करत आले.”

“मग नियम आजच आठवला?”

“आजच. का आठवला तेही लिहिलंय खाली.”

त्यांनी खालची ओळ वाचली आणि चष्मा काढला. “हे कशाला लिहिलंत? मला कळलंच असतं.”

“तुम्हाला कळलं असतं. समितीला नसतं कळलं.”

“आणि मी ही फाडून टाकली तर?”

“दुसरी लिहीन. अक्षर बरं आहे माझं.”

मशीनवाल्याला एकदम खोकला आला.

कार्यवाहांनी चिठ्ठी घडी न घालता फायलीत ठेवली. “सोमवारी ठेवतो समितीपुढे. पण ही नियमावली आता तुमच्याकडे राहणार नाही. चर्चचं पुढचं कुठलंच पुस्तक नाही. समजतंय ना?”

“समजतंय,” ती म्हणाली आणि प्रुफांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

गुरुवारी सभागृहात तेवीस पाळक आणि वडील, म्हणजे मंडळ्यांनी निवडून दिलेले कारभारी, जमले होते. ती पाहुण्यांच्या बाकावर बसली. भाचीने उभं राहून ते वाक्य वाचलं आणि पटत नाही म्हणून सांगितलं.

“असं वाक्य आहे त्यात?” एक म्हातारे वडील म्हणाले. “मी तर चाळीस वर्षांपूर्वीच सही करून बसलोय.” थोडी खसखस पिकली.

कार्यवाहांनी विचारलं, “मग त्या बालकांचं काय होतं, असं तुमचं मत?”

“मला माहीत नाही. विश्वासनामा लिहिणाऱ्यांनाही माहीत नसावं, एवढंच माझं म्हणणं.”

हात वर झाले. बारा बाजूने, अकरा विरुद्ध. अकरांत कार्यवाहांचा हात होता.

दुपारी दीक्षा झाली. भाची गुडघे टेकून बसली. जवळ उभ्या असलेल्या पाळकांनी आणि वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. ज्यांचा हात पोचत नव्हता त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर ठेवला. विरुद्ध मत दिलेल्यांनीही यायचं, असा रिवाज होता, पण चौघे पायऱ्या उतरून निघून गेले होते. कार्यवाह दारापर्यंत जाऊन थांबले. मग परत आले, रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले, आणि क्षणभराने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांच्या मागे हातभर अंतरावर तिचा बाक होता. ज्यांना पाळकाची किंवा वडिलांची दीक्षा नाही त्यांनी बसूनच राहायचं असतं. ती बसून राहिली.